साइट बंद, प्लॅन चालू

१५ मार्च २०२०, रविवार. डॉर्सेट.

प्रवासाचा नववा दिवस. रोजनिशी आजपासून, कारण पेन आज सापडलं. मधूने ते चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. का, ते विचारायचं नाही असं ठरवलंय.

नोंदीसाठी: लंडनजवळचं पिनरचं घर एका वर्षाच्या करारावर भाड्याने दिलंय आणि आम्ही मोटरहोममध्ये, म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेल्या गाडीत, देशभर फिरतोय. मी चौसष्ट, मधुमती एकसष्ट. दोघंही रिटायर्ड. ती सप्टेंबरपर्यंत अ‍ॅनेस्थेटिस्ट होती. मी बेसिंगस्टोकला एका इन्शुरन्स कंपनीत बिझनेस कंटिन्युइटी मॅनेजर होतो. म्हणजे आग लागो, पूर येवो, वीज जावो, तरी कंपनी चालू कशी ठेवायची हे कागदावर तयार ठेवणारा माणूस. बावीस वर्षं. त्या बावीस वर्षांत एकदाही काही झालं नाही, यावरून माझं काम किती चोख होतं ते कळतं.

रूट: डेव्हन, कॉर्नवॉल, वेल्स, लेक डिस्ट्रिक्ट, जूनमध्ये स्कॉटलंड. सगळं स्प्रेडशीटमध्ये.

अंशुमनचा मिल्टन कीन्सहून फोन. व्हायरस वाढतोय, घरी या म्हणे. कुठल्या घरी, मी विचारलं. तिथे भाडेकरू आहेत. शिवाय स्वतःचं टॉयलेट, स्वतःचं किचन, स्वतःचा पलंग. मोटरहोमइतकं सुरक्षित देशात दुसरं काही नाही. तर म्हणाला, बाबा, तुमची प्लॅन बदला. मुलगा इथे जन्मला म्हणून किती सोडून द्यायचं. प्लॅन पुल्लिंगी आहे आणि बदलत नाही. आणि आमची गाडी म्हणजे ‘कॅरॅव्हॅन’ नाही, कॅरॅव्हॅन दुसऱ्या गाडीला जोडून ओढावी लागते. हे तिसऱ्यांदा सांगितलं.

१९ मार्च, गुरुवार

मधू सारखी फोनवर. अरुणा, तिची पिनरची मैत्रीण, अजून नोकरीत आहे. तिच्या हॉस्पिटलात आयसीयू भरलंय म्हणे. मी म्हटलं, जेवणाआधी असले मेसेज वाचू नयेत. मधूने फोन ठेवला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. थंडी होती. तिथे फोन परत काढला असणार.

२४ मार्च, मंगळवार. सकाळी ९

देश बंद. मोटरहोम लावायच्या सगळ्या कॅम्पिंग साइट्सही.

साडेआठला वॉर्डनबाई दारात. बारापर्यंत निघा. मी शांतपणे सांगितलं की ज्यांचं घरच मोटरहोम आहे त्यांना नियमात सवलत आहे. तिने वहीत बघितलं आणि बुकिंगच्या फॉर्मवर मिल्टन कीन्सचा पत्ता कोणाचा ते विचारलं. मुलाचा, म्हटलं, पोस्टासाठी. मग तिकडे जा, म्हणाली. राहण्याचा पत्ता आणि पत्रव्यवहाराचा पत्ता यांतला फरक मी समजावून सांगत होतो, तोवर ती पुढच्या पिचवर, म्हणजे शेजारच्या गाडीच्या जागेवर, पोचली होती.

अत्यंत संताप. पण प्लॅन बी आहे.

दुपारी २

अकरा साइट्सना फोन. आठ ठिकाणी रेकॉर्डेड मेसेज. दोन ठिकाणी नाही. डेव्हनमधला एक माणूस हसला. त्याचं नाव लिहून ठेवलंय.

प्लॅन सी: शेतकऱ्याला विचारून शेतात राहणे. शेतकरी भेटला नाही. कुत्रा भेटला.

संध्याकाळी ६. बेसिंगस्टोक.

प्लॅन डी. माझ्या जुन्या ऑफिसचा कार पार्क. चारशे गाड्यांची जागा, एकही गाडी नाही. आग लागली तर लोकांनी या कार पार्कमध्ये कुठे उभं राहायचं हे मी ठरवलेलं आहे. सिक्युरिटीवरचा गार्ड नवीन. मी नाव सांगितलं. त्याने स्पेलिंग विचारलं. मी म्हटलं, साथ आली तर या कार पार्कचं काय करायचं ते माझ्या प्लॅनमध्ये पान एक्केचाळीसवर आहे. तो म्हणाला, प्लॅन कॉम्प्युटरवर असेल आणि कॉम्प्युटरवाले घरी गेलेत.

परत येऊन बघतो तर मधूने अंशुमनला फोन करून टाकला होता. आमची सून तनू गाद्या काढतेय म्हणे.

२५ मार्च, बुधवार. गुढीपाडवा. मिल्टन कीन्स.

एकोणीस राउंडअबाउट मोजले. हे शहर कोणी आखलं त्याला एकदा भेटायचंय.

मोटरहोम सात मीटर. अंशुमनच्या घरापुढची गाडी लावायची जागा, ड्राइव्ह, साडेसहा. अर्धा मीटर फुटपाथवर. चालेल. गाडीच्या कापडी छपराच्या, ऑनिंगच्या, खांबाला तनूचा रेशमी स्कार्फ बांधून गुढी उभी केली. साखरेची माळ नाही म्हणून मधूने मिंटच्या गोळ्या दोऱ्यात ओवल्या. समोरचा शेजारी पडद्याआडून बघत होता.

सगळ्यांना स्पष्ट सांगितलं: आम्ही मुलाच्या घरी राहायला आलेलो नाही. आमचं आम्ही मोटरहोममध्ये, पूर्ण स्वतंत्र. फक्त विजेची वायर तेवढी लेटरबॉक्समधून आत. आणि पाणी. आणि वायफाय. वॉशिंग मशीन. आणि आंघोळ, कारण आमच्या शॉवरमध्ये हात वर करता येत नाहीत. बाकी काही नाही.

ईस्टरपर्यंत कॉर्नवॉल.

२८ मार्च, शनिवार

परवा आठ वाजता सगळी गल्ली दारात उभी राहून डॉक्टर-नर्सेससाठी टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या. मधू दिसत नव्हती. पाय दुखत असतील असं वाटलं. ती आत बसून फॉर्म भरत होती हे मला आज कळलं.

रिटायर झालेल्या डॉक्टरांना परत बोलावताहेत. इथल्या हॉस्पिटलात अ‍ॅनेस्थेटिस्ट हवेत. तिने हो कळवलंय. मला विचारलं नाही. सांगितलं, तेही डाळीला फोडणी देताना.

मी विचारलं, आणि स्कॉटलंड? ती म्हणाली, स्कॉटलंड कुठे जात नाहीये. मी म्हटलं, आपणही कुठे जात नाहीयोत, तेच तर म्हणतोय. ती म्हणाली, हो ना, म्हणूनच.

मग मी वय काढलं. साठीच्या पुढे काय होतं त्याचे आकडे सांगितले. तिच्याकडे तेच आकडे होते आणि माझ्यापेक्षा नवे होते. डाळ चांगली झाली होती. मी दुसऱ्यांदा घेतली नाही.

६ एप्रिल, सोमवार

मधू रुजू झाली. तनूला दमा आहे, त्यामुळे हॉस्पिटलातून येणाऱ्या माणसाने घरात यायचं नाही. मी स्वतःहून तोडगा सुचवला की मोटरहोम मधूने वापरावं आणि मी घरात येतो. म्हणजे अंशुमन बोलला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पण होकार माझा.

मला तनूच्या घरातल्याच ऑफिसच्या खोलीतला सोफा-बेड. नऊला दहा कमी असताना उठून तो मिटवावा लागतो, कारण नऊला तिची स्टँड-अप असते. या मीटिंगमध्ये सगळे बसलेले असतात. खाली किचनमध्ये अंशुमनचे कॉल. हॉलमध्ये अंशुमनचा दुसरा कॉम्प्युटर. मी नऊ ते बारा जिन्यात बसतो. चौथी पायरी. तिथल्या खिडकीतून मोटरहोम दिसतं.

९ एप्रिल, गुरुवार

जिन्यातून पत्रं: खासदार, टुरिझमचे मंत्री, साइटवाल्यांची संघटना. मुद्दा एकच. मोटरहोमवाला माणूस मुळातच सगळ्यांपासून लांब असतो. त्याला कोंडून व्हायरस कसा थांबणार? तिघांचीही उत्तरं चार मिनिटांच्या आत आली. मशीनने पाठवलेली.

मधूसाठी गॅस, पाण्याचा पंप आणि टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालची मैल्याची टाकी, कशी वापरायची याच्या सूचना दोन्ही बाजूंनी लिहून दाराखालून सरकवल्या. तिने काचेतून कागद दाखवला आणि खूण केली. खुणेचा अर्थ अंशुमनच्या मते, ‘चार दिवस झाले, मीच करतेय.’

१४ एप्रिल, मंगळवार

समोरच्याने तक्रार केली. ही वसाहत सांभाळणाऱ्या कंपनीचं पत्र. घर घेताना केलेल्या करारानुसार ड्राइव्हवर कॅरॅव्हॅन, होडी किंवा कोंबड्या ठेवायला मनाई. चौदा दिवसांत हलवा.

उत्तर चार पानी. एक, मोटरहोम म्हणजे कॅरॅव्हॅन नव्हे. दोन, कोंबड्यांचा आरोप मी फेटाळतो. तीन, आत आयसीयूची डॉक्टर झोपते.

हा समोरचा दर गुरुवारी आठला बाहेर येतो, पातेलं आणि पळी घेऊन. मधूच्या दिशेने तोंड करून बडवतो. डोळ्यांत पाणी आणतो. आणि शुक्रवारी तिच्या घराविरुद्ध पत्र टाकतो. मला त्याच्याशी बोलायचं होतं. तनूने जाऊ दिलं नाही. तिच्यासमोर मी ओरडू शकत नाही, तिला धाप लागते.

१८ एप्रिल, शनिवार

मधूने स्वतःच शोधलं. हॉस्पिटलपासून बारा मिनिटांवरची एक साइट फक्त की वर्कर्ससाठी, म्हणजे अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी, उघडी आहे. ती मोटरहोम घेऊन तिकडे राहणार. म्हणजे साइट्स उघड्या आहेत. देशात उघडी साइट आहे आणि मला कोणी सांगितलं नाही.

तिथल्या वॉर्डनला, कीथला, गाडीचा मालक या नात्याने फोन केला. आम्ही दोघं येऊ म्हटलं. त्याने व्यवसाय विचारला. मी सांगितला. यादीत नाही म्हणाला. मी यादी वाचायला लावली. पोस्टमन आहेत. कचरा उचलणारे आहेत. प्रेतं पुरणारे आहेत. मी म्हटलं, हे सगळे जे करतात त्यालाच कंटिन्युइटी म्हणतात, आणि मी बावीस वर्षं तेच केलं. तो म्हणाला, बरोबर आहे सर, पण हे लोक ते आत्ता करताहेत.

उद्धट माणूस.

२० एप्रिल, सोमवार

मधू गेली.

ही गाडी तिने याआधी रिव्हर्स केलेली नाही. मी चालवतो आणि ती मागे उभी राहून हात करते. तिला टेन्शन येतं म्हणून तशी पद्धत पडली. आज मी मागे उभा राहिलो, हात केले. तिने आरसे बघितले. एका दमात बाहेर. ड्राइव्हला उतार आहे, त्याची मदत होते.

समोरचा टाळ्या वाजवायला बाहेर आला. सोमवार असून.

ड्राइव्हवर तेलाचा डाग राहिलाय. जिन्यातून तेवढाच दिसतो.

२८ एप्रिल, मंगळवार

मधूला ताप. टेस्ट झाली, तेच आहे. शनिवारपासून अंगात होता. तिने अंशुमनला कळवलं, मला नाही. मी कारण विचारलं. तो म्हणाला, आई म्हणाली की बाबा प्लॅन करतील.

ती एकटी आहे. सात मीटरच्या डब्यात.

२९ एप्रिल, बुधवार

ऑक्सिजन ९४. ती स्वतःच मोजते आणि दिवसातून दोनदा आकडा पाठवते. नुसता आकडा. ९२च्या खाली गेला तर अ‍ॅम्ब्युलन्स, असं तिच्या हॉस्पिटलने सांगितलंय. मी फोन केला तर तिला बोलायला दम पुरत नव्हता. मग मीच बोललो. समोरच्याबद्दल.

३० एप्रिल, गुरुवार

९३.

अंशुमनची गाडी घेऊन साइटवर गेलो. तो म्हणाला, जाऊन काय करणार? ते तिथे गेल्यावर बघू म्हटलं.

कीथने गेट उघडलं नाही. नियम. मी त्याला दोन मीटरवरून वीस मिनिटं सुनावलं. डॉर्सेटची वॉर्डनबाई, डेव्हनचा हसणारा, बेसिंगस्टोकचा गार्ड, खासदार, कोंबड्या, सगळं. कोणीतरी कधीतरी ऐकायला हवं होतं. तो फाटकाला टेकून ऐकत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला की रोज सकाळी आठला आणि रात्री आठला मी तुमच्या मिसेसच्या दाराशी चहा ठेवतो आणि झाडापाशी उभा राहतो. ती पडद्यातून हात करेपर्यंत हलत नाही. केला नाही तर ९९९ला फोन. आज सकाळी हात केला. दोनदा.

मी गाडीपाशी जाऊन आलो.

मुगाच्या खिचडीचा डबा त्याच्याकडे दिला. मी केलेली. पहिल्यांदाच.

१ मे

९२.

२ मे

९२. अंशुमन रात्रभर जिन्यात माझ्या शेजारच्या पायरीवर बसला. सकाळी तो म्हणाला, बाबा, थोडा झोप घ्या. थोडी, मी म्हटलं. थोडी, तो म्हणाला.

३ मे

९२. आज लिहायला काही नाही.

५ मे, मंगळवार

९४.

८ मे, शुक्रवार

९६. फोनवर सलग बोलली. पहिलं वाक्य: खिचडीत मीठ किती घातलं होतंस? मी म्हटलं, आठवडाभराने सांगतेस? ती म्हणाली, फ्रीझरमधली उरलेली आज खाल्ली, तोवर चवच कळत नव्हती.

मी कीथबद्दलची तक्रार पुढे चालवली. चहात साखर घालतो का, वगैरे. ती म्हणाली, दोन चमचे. मला चालतो.

तीस वर्षं मी तिला बिनसाखरेचा करून देतोय.

२१ मे, गुरुवार

सोमवारपासून ती परत ड्यूटीवर. मी लेखी विरोध नोंदवला. तीन पानं. तिचं उत्तर: वाचलं.

२३ जून, मंगळवार

४ जुलैपासून साइट्स सर्वांसाठी उघडणार. जाहीर झालं. शेवटी सरकारला माझं म्हणणं पटलं. तीन महिने उशीर झाला, पण मी मोठ्या मनाने घेतोय.

स्प्रेडशीटचं नववं व्हर्जन तयार. कॉर्नवॉल चार आठवडे, मग वेल्स. सगळी बुकिंग्ज झाली, रांगेत पहिला मी. मधूला पाठवलं. तिने अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे हो.

अंशुमन म्हणाला, बाबा, आईला विचारलं का नीट? अंगठा दाखवला त्याला.

३ जुलै, शुक्रवार

बॅग भरली. तनूने जिन्यातल्या चौथ्या पायरीवर उशी ठेवून दिली होती ती परत केली. ती म्हणाली, राहू दे, बाबा. मी म्हटलं, आता लागणार नाही.

४ जुलै, शनिवार. साइट.

अंशुमनने दहाला गेटवर सोडलं. आज गेट उघडं. पण साइट पूर्ण बुक आहे, त्यामुळे पिचवर नाव नसलेल्या माणसाने व्हिजिटर म्हणून नोंद करायची. कीथने फॉर्म दिला. ‘साइटवर राहणाऱ्या व्यक्तीशी नातं’ या रकान्यात मी मालक लिहिलं. त्याने वाचलं, खोडलं आणि वर नवरा लिहिलं. पिवळा बिल्ला दिला. व्हिजिटरनी रात्री आठपर्यंत साइट सोडायची.

मधू नाइट करून आली होती. पडदे ओढलेले. दारावर तिच्या अक्षरात पाटी, नाइट ड्यूटी, दार वाजवू नये. माझ्याच मोटरहोमवर. मी वाजवलं नाही. बाहेर खुर्ची होती, तीत बसलो. एकच खुर्ची होती.

दिवसभर गाड्या येत होत्या. सगळे खुशीत. एका बाईने मला पाण्याचा नळ कुठे आहे विचारलं. मला माहीत नव्हतं. दुसऱ्याने कचऱ्याचे डबे विचारले. तेही नाही. तिसरा येताना दिसला तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

तीनला दार उघडलं. बारीक झालीय. केस कापलेत, स्वतःच कापले असावेत. मोटरहोमच्या पायरीवर बसण्याची सोय आहे, तिथे दोघं बसलो. तिने चहा केला. मी बॅग आत ठेवायला गेलो तर माझ्या बाजूच्या कपाटात तिचे युनिफॉर्म, मास्कचे खोके, पुस्तकं. बॅग बाहेर आणली.

मी कॉर्नवॉलची स्प्रेडशीट उघडली. ती सगळं बघून झाल्यावर म्हणाली की तिने कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरपर्यंत वाढवलंय. मी म्हटलं, तू अंगठा पाठवला होतास. ती म्हणाली, स्प्रेडशीट छान झाली होती.

मग मी बोललो. आवाज चढला असावा, कारण शेजारच्या पिचवरचे लोक आत गेले. वर्षभराचा प्रवास, भाड्याने दिलेलं घर, जिना, सोफा-बेड, सगळं. विचारलं, या सगळ्यात माझं काय? मी कुठे राहायचं? ती कप हातात धरून ऐकत होती. शेवटी म्हणाली, ९२ होता ना, तेव्हा तीन रात्री मला वाटत होतं की बाहेर तू खुर्ची टाकून बसला आहेस. उठून दोनदा पडदा सरकवून बघितलं.

मी म्हटलं, मला आत सोडलं नसतं. ती म्हणाली, माहीत आहे.

एवढंच.

कॉर्नवॉलची बुकिंग्ज रद्द करायला तिथेच बसून फोन लावले. डेव्हनचा हसणारा माणूस आता कॉर्नवॉलच्या साइटवर काम करतो असं निघालं. आवाज ओळखला. या वेळी तो हसला नाही, सॉरी टू हिअर दॅट म्हणाला.

साडेसातला ती युनिफॉर्म घालून निघाली. तिला उशीर नको म्हणून मीही उठलो. म्हणजे मी तेच सुचवणार होतो. आठला पाच कमी असताना बिल्ला कीथला परत दिला. अंशुमनला घ्यायला यायला वीस मिनिटं लागणार होती, म्हणून गेटबाहेर उभा राहिलो.

उद्या रात्री तिला सुट्टी. व्हिजिटरना दहाला आत सोडतात. साडेनऊला आलं तर चालतं का, ते कीथला विचारलं. नाही म्हणाला. खुर्ची स्वतःची आणली तर चालते.